शंभरांतील पांच

बाकारा नांवाचा पत्त्यांचा एक जुगार आहे. चीनच्या किनाऱ्यावरील मकाऊ नगरांत, जें १९९९ सालापर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होतें, जुगारगृहांचें बहुतेक उत्पन्न याच एका खेळापासून येतें. आमच्या शेजारीं गोव्यांत मांडवीवर उभ्या असलेल्या जहाजांवरही तो चालतो. त्यांत 'प्लेअर' व 'बँकर' अशा दोन बाजू असतात आणि येणाऱ्यानें वाटेल त्या बाजूवर पैसे लावावे. प्लेअर जिंकला तर शंभरास शंभर मिळतात. बँकर जिंकला तर पंचाण्णवच. हा भेद कां, व तो न्यायाचा आहे काय, हें पाहण्याजोगें आहे.

दोन्ही बाजूंस दोन दोन पानें वाटतात. बेरजेचा शेवटला अंक तेवढा धरावयाचा. दश्शी व चित्रांचीं पानें शून्य. नवाच्या जो अधिक जवळ तो जिंकला. पहिल्या दोन पानांतच कोणाचे आठ किंवा नऊ झाले तर डाव संपतो. न झाले, तर पांच किंवा कमी असतां प्लेअर तिसरें पान घेतो, आणि बँकरचें तिसरें पान त्याच्या मागून, तें पाहून ठरतें. ठरविणारा मनुष्य नव्हे. नियम आधींच बांधलेला असतो. उदाहरणार्थ, बँकरजवळ तीन असून प्लेअरला अठ्ठी आली तर बँकर पान घेत नाहीं. कारण प्लेअरजवळ शून्यापासून पांचापर्यंत कांहींतरी होतें. त्यांत आठ मिळवितां आठ, नऊ, शून्य, एक, दोन किंवा तीन उरतात. या सहांपैकीं दोनच तिनाच्या वर आहेत. मग स्वस्थ बसणेंच बरें. मागून बोलणाऱ्यास पुढच्याचें ऐकून बोलतां येतें, एवढाच काय तो लाभ.

पत्त्यांचे आठ जोड मिसळून खेळल्यास दहा हजार डावांत सरासरीनें बँकर ४,५८६ व प्लेअर ४,४६२ डाव जिंकतो. ९५२ बरोबरीचे निघतात व त्यांत लावलेले पैसे परत मिळतात. दोहोंस सारखेंच द्यावें, तर दर डावीं एक रुपया बँकरवर लावणारा १२४ रुपये कमावून घरीं जाईल आणि जुगारगृहास टाळें लागेल. म्हणून शंभरांतून पांच कापतात. कापल्यावर तोच मनुष्य सुमारें १०५ रुपये गमावितो.

आणि ज्याचें कांहींच कापलें जात नाहीं, तो प्लेअरवाला? तो १२४ गमावितो. (बरोबरीवर लावल्यास एकास आठ देतात, त्या लोभानें बसणाऱ्याचे चौदाशेंहून अधिक जातात. त्याविषयीं काय बोलावें!)

कोणी म्हणेल, पानें खरीं, दर जाहीर, मग अन्याय कोठें? बाजारांत एक अडत्या उघड अडत कापतो. दुसरा 'आमच्याकडे अडत नाहीं' म्हणतो आणि भावांतच कमी देतो. भाव कांहीं तो लपवीत नाहीं. परंतु शेतकऱ्याची दृष्टि कापलेल्या पैशावर असते, भावावर नसते, हें तो पक्कें जाणतो. हातांत आलेल्यांतून कोणी पांच उचलले तर मनुष्यास बोंचतें; जे हातांत आलेच नाहींत ते मोजण्याची त्यास संवय नसते. या अज्ञानावर जो आपला धंदा उभारितो तो जाहीर दरांच्या आड निर्दोष ठरत नाहीं, असें आमचें मत आहे.

याचा पुरावा जुगारगृहांनींच दिला आहे. पांच टक्के कापलेले आवडत नाहींत असें पाहून त्यांनीं 'कापणी नाहीं' अशा नांवाचीं मेजें मांडलीं. तेथें बँकर जिंकल्यास शंभरास पुरे शंभर. फक्त तो सहांवर जिंकला तर पन्नास. या मेजावर तेच दहा हजार डाव खेळणाऱ्याचे सुमारें १४६ रुपये जातात. मेज मांडणाऱ्यास हा आंकडा ठाऊक होता. बसणाऱ्यास तो ठाऊक नसावा, याच भरंवशावर तें नांव ठेविलें असें आम्ही समजतों.