पराभव आणि ईश्वराचा कौल

नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगिजांच्या गोव्याला लागोपाठ दोन धक्के बसले. विजरई कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. संभाजी महाराज कुमक घेऊन येताच त्याला माघार घ्यावी लागली. पाठोपाठ २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी ओहोटी साधून जुवे बेट घेतले. बेट परत मिळवायला गेलेला विजरई जखमी होऊन कसाबसा सुटला. राजधानीचे जुने गोवे आता शत्रूच्या हाकेच्या अंतरावर होते.

शहरात हाहाकार उडाला. विजरईने बॉम जेझूच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी उघडवली, आपला दंड आणि अधिकारपत्रे त्यांच्या पार्थिवापाशी ठेवली व राज्य संताच्या हवाली केले. पुढे औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने खाली उतरला आणि मराठ्यांना पोर्तुगीज मुलखातून निघून जावे लागले. शहर वाचले. श्रेय संताला मिळाले आणि नव्या विजरईने अधिकाराचा दंड संतापाशीच स्वीकारण्याची प्रथा पडली.

शाहआलमच्या त्याच फौजेने जानेवारी १६८४ मध्ये डिचोली उद्ध्वस्त केली. संभाजी महाराजांचे आणि त्यांच्या आश्रयाला आलेल्या, औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शाहजादा अकबर याचे तिथले वाडे व बागा नष्ट झाल्या. जुन्या गोव्याने ज्या फौजेच्या येण्यात कृपा पाहिली, तीच डिचोलीच्या वाट्याला अरिष्ट होऊन आली. मग ईश्वराने कौल कोणाला दिला?

हा प्रश्न गोव्यापुरता नाही. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा जुने देव सोडल्याची ही शिक्षा आहे, असे अनेकांनी म्हटले. संत ऑगस्टिन यांनी ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात त्याला उत्तर दिले: सुखदुःख सज्जन-दुर्जन दोघांनाही येते, म्हणून लौकिक यशावरून ईश्वराची मर्जी मोजता येत नाही. गीताही जय-पराजय सारखेच मानून कर्तव्य करायला सांगते. फळ आपल्या बाजूने लागले म्हणून बाजू धर्माची ठरत नाही.

डिचोली तालुक्यातील नार्वे या गावात याचे प्रत्यक्ष उदाहरण आहे. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगिजांनी पाडले, तेव्हा भक्तांनी देव हरला असे मानले नाही. लिंग नदीपलीकडे नार्व्यात आणून पूजा चालू ठेवली. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. सत्ता गेली तरी श्रद्धा टिकली, कारण ती सत्तेच्या आधारावर उभी नव्हती.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली आणि १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांकडे गेले. पूर्वी देवळे पाडणाऱ्या राज्याने या नव्या मुलखातील देवळे आणि रीतिरिवाज यांना अभय दिले. राजकीय गरज बदलली की धार्मिक धोरणही बदलते, हे त्यातून स्पष्ट होते.

संकटात देवाला साकडे घालणे हा माणसाचा हक्क आहे आणि भेदरलेल्या शहराचा धावा खरा होता. मात्र सुटकेबद्दल कृतज्ञ असणे वेगळे आणि त्या सुटकेवरून दुसऱ्याच्या देवाचा न्याय करणे वेगळे. पहिल्यात भक्ती आहे. दुसऱ्यात केवळ विजयाची पूजा आहे, आणि पुढची लढाई हरताच ती कोलमडते.