पिचरच्या नावावर

क्रिकेटमध्ये पराभव संघाचा असतो. बेसबॉलमध्ये तो एका पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, नावावर लिहितात.

२६ मे १९५९, मिलवॉकी. पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सने ओळीने ३६ बॅटर बाद केले. १२ इनिंगपर्यंत समोरचा एकही खेळाडू पहिल्या बेसला पोचला नाही. हॅडिक्सच्या संघाने त्या सामन्यात १२ हिट मारल्या, पण धाव एकही काढली नाही. तेराव्या इनिंगला तिसऱ्या बेसवरच्या त्याच्याच सहकाऱ्याची फेक चुकली आणि थोड्याच वेळात जो अॅडकॉकच्या टोल्यावर सामना १-० ने गेला. नोंद झाली : पराभूत पिचर, हॅडिक्स. १९९१ मध्ये ‘नो-हिटर’ची, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न देण्याच्या सामन्याची, व्याख्या बदलली, तेव्हा त्या यादीतूनही ती रात्र वगळली गेली.

याच सामन्याच्या तक्त्यात आणखी एक रकाना आहे. चुकीमुळे झालेली धाव ईआरएत, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांच्या सरासरीत, धरत नाहीत. तिथे हॅडिक्सच्या नावावर शून्य आहे. मी या शून्याच्या बाजूचा आहे.

जय-पराजयाच्या रकान्याचा दरारा ओसरायला फार वर्षं लागली. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमच्या नावावर १० विजय आणि ९ पराभव होते, ईआरए १.७०. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला.

पुढची मापं आणखी सोवळी. स्ट्राइकआऊट, वॉक, होमरन एवढंच पिचरचं धरायचं, बाकी क्षेत्ररक्षकांचं आणि नशिबाचं. पण पायाखालची जमीन कुणाची? १९६८ मध्ये बॉब गिब्सनचा ईआरए १.१२ होता. पुढच्याच हंगामात पिचर ज्यावर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला.

हे सगळं निदान मोजलं तरी गेलं. पिचर सॅचेल पेजला कातडीच्या रंगामुळे मोठ्या लीगचं दार बंद होतं. उमेदीची वर्षं कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये आणि गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत गेली. १९४८ मध्ये क्लीव्हलँडने त्याला घेतलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले ते २०२४ मध्ये, पेजच्या मृत्यूनंतर ४२ वर्षांनी. ते प्रदर्शनी सामने आजही त्यांत नाहीत.