श्रद्धा सांगावी, पण कोणत्या तोंडाने?



रविवारची मिस्सा तासाभराची असते. उरलेला आठवडा आपण एमआयडीसीतल्या कारखान्यात, दवाखान्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, फुले मार्केटच्या गर्दीत, नाहीतर भुसावळच्या गाडीत काढतो. तिथे आपल्याभोवती बहुतेक सगळे इतर धर्मांचे लोक असतात, आणि ते आपले चांगले मित्र असतात. अशा ठिकाणी प्रभू येशूविषयी बोलावे की नाही? बोललो तर 'सत्य माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही' असे म्हटल्यासारखे होते. न बोललो तर ज्याच्या आधाराने आपण जगतो ते स्वतःपुरते दडवून ठेवले, असे होते. पहिला अहंकार, दुसरा स्वार्थ.

यातून पुष्कळजण सोपी वाट काढतात. सगळे धर्म सारखेच, म्हणून कोणी कोणाला काही सांगू नये, असे ते म्हणतात. हे नम्र वाटते, पण आम्हाला ते पटत नाही. आपल्या म्हणण्यात काही तथ्य आहे असे ज्याला वाटतच नाही, त्याच्या गप्प बसण्याला नम्रता कसे म्हणायचे? त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही उरलेलेच नसते.

संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३८९ च्या सुमारास आपला मुलगा आदेओदातुस याच्याशी झालेला एक संवाद लिहून ठेवला. 'गुरूविषयी' असे त्या छोट्या पुस्तकाचे नाव. त्यात ते विचारतात की, एक माणूस दुसऱ्याला खरोखर काही शिकवू शकतो का? शब्द फक्त खूण करतात, असे त्यांचे उत्तर आहे. ज्याने जळगावचे भरीत कधी खाल्लेले नाही त्याला आपण तासभर वर्णन ऐकवले तरी चव कळत नाही. शब्द फार तर ताटाकडे बोट दाखवतात. ऐकणारा सत्य ओळखतो ते आपल्या अंतःकरणात, आणि तिथला गुरू ख्रिस्त आहे. हे खरे असेल तर श्रद्धा सांगणारा माणूस काही देत नसतो, तो बोट दाखवत असतो. म्हणजे नम्रता हा केवळ बोलण्याच्या सौजन्याचा भाग नाही. आपली जागा कोणती, हे ओळखण्याचा तो भाग आहे.

आपले जळगाव ज्या मुंबई–हावडा रेल्वेमार्गावर आहे, त्याच मार्गावर नागपूरच्या पुढे राजनांदगावकडे १८९३ साली एक तरुण मराठी कवी निघाला होता, नारायण वामन टिळक. डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. त्या काळी गोरा माणूस डब्यात असला की अपमानाची तयारी ठेवावी लागे. या गृहस्थाने मात्र जागा करून दिली आणि संस्कृत काव्याविषयी गप्पा सुरू केल्या. बोलता बोलता विषय धर्माकडे गेला. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना 'नवा करार' दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. दोघांनी एकमेकांचे नावही विचारले नाही. शब्द दिला म्हणून टिळक वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. (टिळक प्रॉटेस्टंट मंडळीत गेले, पण म्हणून ही गोष्ट आपली नाही असे नाही.)

त्या प्रवाशाचे भाकीत आम्हाला जरा धाडसाचेच वाटते. पण त्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. त्याची खात्री मुळीच दुबळी नव्हती. नम्र होते ते त्याचे वागणे. आधी जागा दिली, आधी समोरच्याच्या आवडीचे ऐकले, आणि मग स्वतःचे सांगून तो उतरून गेला. पाठपुरावा केला नाही, श्रेय घ्यायलाही परत आला नाही.

या गोष्टीचा दुसरा भाग आपण सहसा सांगत नाही. टिळकांच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंचे घर मोडले. कित्येक वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीजवळ राहायला आल्या तरी सोवळे पाळत राहिल्या, आणि टिळकांनी ते पाळू दिले. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, हे एके दिवशी त्यांना स्वतःच्याच विचाराने उमगले. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला कळते की त्यांना कोणी ओढत आणले नाही. श्रद्धा सांगण्याने एखाद्या घरात दुःख येऊ शकते, हे विसरून केलेला प्रचार आम्हाला भीतीदायक वाटतो.

आपल्याच खानदेशातले आणखी एक उदाहरण. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सोबतच्या कैद्यांच्या इच्छेवरून विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. विनोबा आपल्या धर्माविषयी बोलत होते, तेही ऐकू इच्छिणाऱ्यांशी. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात जवळपास हेच सांगतात: तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. विचारण्याजोगे आयुष्य आपले आहे का, हा वेगळा प्रश्न.

आज कायद्याचीही भीती पुष्कळांच्या मनात आहे. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमात धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे. ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यावर चर्चा झाली, तेव्हा टी. टी. कृष्णमाचारी या हिंदू सदस्याने सांगितले की आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपले धर्मांतर करण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. आपल्या बाजूची याहून चांगली साक्ष आपल्यालाही देता आली नसती. १९७७ साली फादर स्टानिस्लाउस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या निकालाने अनेक ख्रिस्ती जन दुखावले. पण हृदयपरिवर्तन पवित्र आत्मा करतो, आपण नव्हे, ही तर आपलीच शिकवण. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात असेही बजावले आहे की जबरदस्ती किंवा अप्रामाणिक मनधरणी, विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत, कदापि होऊ नये.

शेजारी आजारी असेल तर जेवणाचा डबा न्यावा. 'तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?' असे विचारावे, आणि नको म्हटले तरी डबा उद्याही न्यावा. डब्याबरोबर पत्रक ठेवले की डब्याचे आमिष होते. शेजारच्या काकू मुक्ताईनगरच्या पालखीबरोबर दरवर्षी का चालतात, हे आपण त्यांना कधी विचारले आहे का? ज्याने त्यांचे ऐकलेले नाही, त्याने आपले सांगण्याची घाई करू नये. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ च्या आपल्या पत्रात संवाद आधी आणि शुभवर्तमानाचा शब्द नंतर, असाच क्रम सांगितला आहे.

राखेच्या बुधवारी कपाळावरची राख पाहून ऑफिसात कोणीतरी विचारतेच, 'हे काय?' काहीजण पटकन पुसून टाकतात, काहीजण अर्धा तास व्याख्यान देतात. दोन वाक्ये पुरतात: मी माती आहे याची ही आठवण, आणि देव या मातीवर प्रेम करतो असा माझा विश्वास आहे. त्यावर समोरच्याने पुढे विचारले तर बोलावे. 'अच्छा' म्हणून त्याने विषय बदलला, तर आपणही चहा संपवून कामाला लागावे.