दोन खोल्या आणि इयत्ता तिसरी

आपल्या मुलांना माणसानं स्वतः शिकवावं की दुसऱ्याकडून शिकवून घ्यावं, हा प्रश्न फार जुना आहे. मोठमोठ्या विचारवंतांनी त्यावर डोकं शिणवलं आहे. पण त्यांपैकी एकाच्याही घराचं क्षेत्रफळ माझ्या वाचनात आलेलं नाही. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न आधी चौरस फुटांत सोडवावा आणि मग नीतिशास्त्रात. वारणानगरातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, एक मोरी आणि पुढं चार फुटी ओटा. त्यात अस्मादिक, सौभाग्यवती, आई, चिरंजीव, कन्या आणि शिवणयंत्र असे सहा जण राहतो. यंत्राला मी माणसांत धरतो, कारण जागा ते माणसाइतकीच घेतं आणि बोलतंही.

मार्च २०२० मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. बँका अत्यावश्यक सेवेत होत्या, त्यामुळे मी तोंडाला फडकं बांधून काउंटरवर आणि शिक्षण आमच्या घरात. चिरंजीव सहावीत, कन्या दुसरीत. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि शिपाई अशी तिन्ही पदं सौ.कडे. मला कारकुनाची जागा मिळाली. नोकरीत आणि घरात एकाच हुद्द्यावर असण्याचं भाग्य सगळ्यांना लाभत नाही.

कारकून म्हणून पहिलं काम केलं ते डेडस्टॉक रजिस्टर घालण्याचं. वाणिज्य शाखेचा पदवीधर दुसरं काय करणार? पत्र्याचा फळा (एका कोपऱ्यात पोचा) १. नकाशे २, पैकी महाराष्ट्र १, भारत १. चिंचोके १००. आगपेटीच्या काड्या, डोकी उडवलेल्या, दहादहाचे जुडगे १०. कंपासपेट्या २. कोनमापक १, त्याचाच कोन कुणीतरी मापावा अशा अवस्थेत.

आता हे सगळं ठेवायचं कुठं? सौ.नं विषयवार जागा ठरवल्या. मराठी दिवाणाखाली, परिसर अभ्यास फ्रिजवर, गणित शिवणयंत्रावर आणि भारताचा नकाशा दाराच्या मागच्या बाजूला. दार उघडं असलं की भारत दिसत नसे. त्यामुळे भूगोल फक्त दार लावून शिकवता येई आणि दार लावलं की शेजारच्या काकूंना वाटे, ह्यांचं भांडण चाललंय. एकदा गॅसवाला अर्धा तास बाहेर सिलिंडर धरून उभा होता. आत ब्रह्मपुत्रा चालू होती.

तास किती मिनिटांचा, हा प्रश्न कुकरनं सोडवला. तीन शिट्ट्या झाल्या की तास संपला. भाताचा तास लहान, हरभऱ्याचा मोठा. मुलं सकाळी उठून आधी आज काय शिजणार ते विचारायची. गणिताच्या दिवशी भात असावा म्हणून कन्येनं देवापुढं साखर ठेवल्याचं माझ्या आईनं पाहिलं आहे.

मोबाइलवर वर्ग भरत. पण त्याला रेंज लागते. १९९८ साली देशभर गाजलेला, गावं संगणकानं जोडणारा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आमच्या वारणेतलाच. त्यात सत्तरएक गावं होती. मात्र २०२० साली आमच्या फोनला रेंज येई ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं तर. चिरंजीवांनी सहावीचा बराचसा इतिहास टाकीच्या सावलीत केला. त्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पहिली ते आठवीसाठी. मुलं आपापल्या इयत्तेपुरती बसत. आई सगळे वर्ग बघायची. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. “चार इयत्ता फुकटात झाल्या बघ,” म्हणायची.

त्याच आईनं एक दिवस पावकी-निमकी काढली. मग पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. औटकीपाशी मी थांबलो. औट म्हणजे साडेतीन, हे मला बी. कॉम. होऊन ठाऊक नव्हतं. मला औट म्हणजे क्रिकेटमधलं. कन्येनं मात्र आठ दिवसांत औटकी म्हणून दाखवली आणि आल्यागेल्याला ती औट किती विचारू लागली.

ह्या कन्येबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. तिच्या प्रगतिपुस्तकावर पहिलीत शेरा होता, ‘शांत व आज्ञाधारक’. बँकेत ज्या खात्यावर वर्षभर काही घडत नाही त्याबद्दल आम्ही साधारण असंच बोलतो. वर्गात ती तोंड उघडत नसे. घरी मात्र तिला प्रश्न फुटू लागले. “सातातून नऊ जात नाहीत,” असं आईनं सांगितल्यावर ती म्हणाली, “बाबांच्या बँकेत जातात का?” जातात. त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात आणि तो समजावून सांगताना हरभऱ्याच्या तिन्ही शिट्ट्या होऊन गेल्या.

म्हणूनच खरा पेच पडला तो शाळा उघडताना. चिरंजीव सातवीत, ते ४ ऑक्टोबर २०२१ ला मित्रांच्या ओढीनं जे पळाले ते डबा विसरूनच. पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबरला उघडणार होते. आदल्या आठवड्यात रात्री भांडी आवरता आवरता सौ. म्हणाली, “अहो, हिला नाहीच पाठवली तर?”

तिला दुजोरा द्यायला पुण्याचे मेहुणे तयारच होते. त्यांनी फोनवर जॉन होल्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाचा दाखला दिला. त्यानं १९७७ पासून घरी शिकवणाऱ्या आईबापांसाठी एक नियतकालिकच चालवलं होतं म्हणे. परीक्षेचं काय, तर मुक्त विद्यालयातून देता येते. मेहुण्यांच्या घरी मुलांच्या अभ्यासाला स्वतंत्र खोली आहे, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आवाजात प्रतिध्वनी होता.

मी म्हणालो, कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मूल शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलेलं आहे. सौ. म्हणाली, “हक्क मुलाचा ना? मग विचारा तिला.” कन्या झोपली होती. ‘शांत व आज्ञाधारक’.

मग मी इतिहासाकडे वळलो. आपल्याकडे घरी शिकलेल्यांची परंपरा मोठी आहे. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवलं. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी घरात शिकवलं आणि त्यापायी त्यांना घरातल्या बायकांचे टोमणे खावे लागले. पंडिता रमाबाई आईच्या तोंडून संस्कृत शिकल्या. पण गंमत अशी, की ह्या तिघींनी पुढं केलं काय? सावित्रीबाई १८४८ साली भिडेवाड्यात मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या. पंडिताबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन काढलं. रानडेबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभारलं. “म्हणजे घरी शिकलेल्यांचं मतसुद्धा शाळेच्याच बाजूनं पडलं!” मी विजयानं म्हणालो.

“त्या घरी शिकल्या म्हणून शाळा काढायची बुद्धी झाली,” सौ. म्हणाली. “शाळेत गेलेल्यांनी काय काढलं? कर्ज.”

ह्यावर बँकेच्या माणसानं काय बोलावं?

शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्या कानावर हे गेलं. (दोन खोल्यांतलं नीतिशास्त्र खाजगी राहत नाही.) ते ओट्यावर टेकले. “शाहू म्हाराजांच्या वक्ताला पोरगं शाळंत न्हाई घातलं तर म्हैन्याला रुपया दंड हुता. आमच्या पणज्याला झालता म्हणत्यात. रुपया! तवा रुपयाला काय काय येत हुतं! त्यानं दुसऱ्या दिशी आज्ज्याला खांद्यावर टाकून न्हेऊन सोडला.” थोडं थांबून म्हणाले, “दंड नसता तर मी आज साहेबासंगट ओट्यावर बसलो नसतो. गुरामागं असतो.”

महाराजांचा तो हुकूम १९१७ चा. मला त्यात एक गोष्ट खटकत आली होती: पोर बापाचं, त्याला गुरामागं लावायचं की पाटीवर बसवायचं हे ठरवणारा राजा कोण? आणि आता तोच प्रश्न मला उलट्या बाजूनं विचारायचा होता: पोर माझी, पण तिला बाकीच्या पोरांपासून लांब ठेवणारा मी तरी कोण? काकांच्या पणज्याला वाटत होतं, गुरांमागं पोराचं भलंच आहे. आम्हालाही वाटत होतं, घरात पोरीचं भलंच आहे. आमचा पुरावा जास्त चांगला होता, एवढंच.

ह्या गावात आणखी एक अडचण आहे. तात्यासाहेब कोऱ्यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला बालवाद्यवृंद इथला. तबला घरी शिकता येतो, पण वाद्यवृंद घरी होत नाही. शेजारच्या पोराची समेला वाट बघावी लागते आणि ती वाट बघणं कुठल्याच पुस्तकात नाही. सौ.ला हे पटलं. पण ती म्हणाली, “वर्गात हिची वाट कोण बघायचं?” हेही खरंच होतं.

त्या दिवसांत हंगाम सुरू झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या मराठवाड्यातून येऊन खोप्या घालून राहिल्या होत्या. त्यांतली एक आठेक वर्षांची मुलगी आमच्या ओट्यावर पाण्याला यायची, कडेवर धाकटा भाऊ. तिची शाळा गावाकडे राहिलेली. गाव सोडल्यावर तिचा वर्ग कुठल्या भिंतींच्या आत भरायचा? एका दुपारी सौ. चिंचोके मांडून हातचे शिकवत होती, तेव्हा ती घागर भरून झाल्यावरही उभीच राहिली. कन्येनं तिला विचारलं, “तेवीस औट किती?” उत्तर आलं नाही, पण तिनं भाऊ खाली ठेवला आणि बसली.

बोर्डीला आणि पुढं १९५७ पासून कोसबाडला ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी हेच केलं होतं, हे सौ.नं मला त्या रात्री सांगितलं. बालवाडीच्या कोर्सला तिनं ते वाचलं होतं. माँटेसरीची महागडी साधनं परवडेनात, म्हणून शंख, बिया, पानं, काड्या घेतल्या. मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. तिथूनच अंगणवाडी आली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. “आणि आपण,” ती म्हणाली, “चिंचोके तेच, काड्या त्याच, फक्त दार लावून.”

“नकाशा दारामागं आहे म्हणून,” मी म्हणालो.

“नकाशा हलवता येतो,” ती म्हणाली.

१ डिसेंबरला कन्येला मी सायकलवरून शाळेत सोडलं. तिची स्वतःची अट एकच होती: बाईंना औटकी येते का, हे पहिल्या दिवशी विचारू द्यायचं. वर्गात ती पुन्हा गप्प झाली. पुष्कळ महिने गप्प होती आणि सौ.नं मला त्याची आठवण करून देण्यात कसूर केली नाही. ह्या वादात कुणाचं बरोबर होतं, त्याचा ताळेबंद आमच्या घरी अजून जुळलेला नाही. जेवताना निघतोच.

भारताचा नकाशा आता ओट्याकडच्या भिंतीवर आहे, उन्हानं बंगालचा उपसागर पांढरा झालाय. त्या हंगामात शनिवारी-रविवारी तिथं खोप्यांतली चार-पाच पोरं बसत. एप्रिलात टोळी गेल्यावर मी डेडस्टॉक मोजला, तर चिंचोके ब्याऐंशी. अठरा कमी. मी सौ.ला विचारलं, शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू? ती पोळ्या लाटत होती. “चिंच आणा बाजारातून,” म्हणाली, “आमटीलाही लागतेच.”