सुई बदललीस का?

घरातील फरशी सपाट असते, अशा समजुतीवर आपण आयुष्य काढतो. ती तशी नसते हे मला तबकड्या वाजविण्याचे यंत्र मांडताना प्रथम कळले. जबलपूरच्या गुरंदी बाजारात जुन्या मालाच्या ढिगातून मी ते यंत्र उचलले होते. ओळखीच्या गवंड्याची पाणसळ आणून टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, तेव्हा कुठे बुडबुडा मधोमध आला. मग भुजेच्या मागील वजन फिरवून सुईचा भार चार ग्रॅमवर आणला. गती तपासण्यासाठी सत्त्याहत्तर रेघांची कागदी चकती असते. आपल्या वीजप्रवाहावरचा निऑन दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. त्या प्रकाशात फिरत्या रेघा स्थिर उभ्या राहिल्या, की तबकडी मिनिटाला जवळजवळ ७८ फेरे घेते असे समजावे. फिरणाऱ्या वस्तूची परीक्षा ती स्थिर दिसण्यावरून करावयाची, ही गंमत मला अजूनही जुनी झालेली नाही.

इतका काटेकोरपणा कोणासाठी, असा प्रश्न कार्यालयातील सहकारी विचारतात. मी लेखाविभागातील कारकून. काटेकोरपणा अंगवळणी पडला आहे, असे उत्तर देऊन मी सुटतो. वस्तुतः उत्तर इतके सोपे नाही.

आजोबांच्या तबकड्यांत अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ ही भैरवीतील ठुमरी आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले. श्रुतींच्या सूक्ष्म भेदांविषयी त्यांना एवढी आस्था, की देवलांच्या श्रुतिसंशोधनाला त्यांनी आपल्या गळ्याचे साहाय्य दिले. अशा गायकाची तबकडी चुकीच्या गतीने फिरविली तर काय होते? सर्वच स्वर सारख्या प्रमाणात चढतात किंवा उतरतात. स्वरांचे परस्परांशी असलेले नाते रेसभरही बदलत नाही. म्हणजे श्रुती खऱ्या राहतात आणि गाणारा मनुष्य मात्र दुसराच कोणी होतो. उलट तबकडीचे मधले भोक किंचित बाजूला पडलेले असेल, तर प्रत्येक फेऱ्याला स्वर हेलकावतो आणि ते नातेच डळमळते. या दोहोंत अधिक मोठे असत्य कोणते, याचा विचार करीत मी कित्येक रात्री घालविल्या आहेत. पत्नीच्या मते हा आजार आहे. असो.

त्या काळच्या तबकड्या लाखेच्या. पळस-कुसुंबावरच्या किड्यांची ती देणगी. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळीत. हेतू असा, की पोलादी सुईनेच घासून आपला आकार चरीला जुळवून घ्यावा आणि चर वाचावी. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावावयाची. शंभर ग्रॅमहून अधिक भाराखाली झिजलेली सुई तशीच चालू ठेवली, की ती पटाशीसारखी चर तासू लागते. आजोबांचा पगार बेताचा. एकेक सुई ते चार-चार बाजूंना वापरीत. परिणामी जी तबकडी त्यांना नावडती ती आज कोरी करकरीत आहे, आणि जी प्राणप्रिय तिच्यात तारसप्तक आले की राख चाळल्यासारखा आवाज येतो. १९४८ नंतर आलेल्या व्हिनाइलच्या लाँगप्ले तबकड्यांची सुई येथे चालत नाही. ती फारच बारीक. रुंद चरीच्या तळाशी लोळते आणि तेथील कचराच ऐकविते.

रुंद टोकाची सुई मिळवून मी त्या तबकडीची एक प्रत संगणकावर उतरविली, राख शक्य तेवढी पुसली आणि तबकडी कापडात गुंडाळून ठेवली. पुढे आजीने एके संध्याकाळी तीच ठुमरी मागितली. तिला आता अंधुक दिसते, ऐकू मात्र बरे येते. मी तबकडी फिरत ठेवली, भुजा अधांतरी रोखली आणि प्रत वाजविली. सुरू होण्यापूर्वी ती म्हणाली, “सुई बदललीस का रे?” मी म्हणालो, “हो आजी.”

ती तृप्त होऊन ऐकत होती आणि मी माझा बचाव रचीत होतो. मूळ असे तेथे आहेच काय? मैफलीत तासभर फुलणारे गाणे तीन-साडेतीन मिनिटांत बसविलेले. ते मेणावर कोरले, मेणावरून धातूचा साचा, साच्यावरून साचा, आणि शेवटी ही लाख. प्रतीची प्रत, तिची आणखी एक प्रत मी केली, एवढेच! युक्तिवाद बिनतोड होता, आणि तरीही मला चैन पडेना. कारण खाँसाहेब साऱ्याच प्रतींत आहेत. आजोबांची काटकसर मात्र याच एका तबकडीत आहे. जे दोष म्हणून पुसले ते त्यांच्या हातचे होते.

परंतु खरे शल्य याहून निराळे आहे. दुसऱ्याची शिल्लक परस्पर खर्च करणाऱ्याला काय म्हणतात, हे आमच्या खात्यात सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्याची शिल्लक त्याला न विचारता राखून ठेवणाऱ्याला नाव नाही. उलट त्याला शहाणा समजतात. तबकडी आजीची. ती झिजवावी की जपावी हे ठरविण्याचा हक्क तिचा होता आणि तो मी जपणुकीच्या नावाखाली काढून घेतला होता. ‘हो आजी’ या दोन शब्दांतले असत्य सुईपुरते नव्हते.

आठ दिवसांनी मी तिला सर्व सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला वाटलेच. ते बसायचे तेव्हा खरखर असायची.” आणि पुन्हा थोड्या वेळाने, “आता ठेवून कोणाला द्यायची आहे? लाव.”

मी भुजा खाली टेकविली. राखेचा तो आवाज सुरू होताच तिने पदर सावरला. बाजू संपल्यावर सुई उचलायला मी उठलो, तर ती म्हणाली, “दुसरी बाजूही लाव.”