दूरच्या शाळेला आपण दान का द्यावे?



गेल्या वर्षावासात शेलूबाजारच्या विहारात मी हंगेरी देशातील एका शाळेची हकिकत सांगत होतो. सोयाबीनच्या निंदणावरून थेट आलेल्या एका वयोवृद्ध उपासिकेने मध्येच विचारले, "भाऊ, आपल्या पोराईच्या टुशनले पैसे नाही, अन् तुमी कुठल्या हंगेरीचं सांगता?" सभा हसली. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपणांपैकी अनेकांच्या मनात तोच असतो.

प्रथम ती शाळा समजून घ्या. हंगेरीच्या ईशान्येस शायोकाझा नावाचे गाव आहे. त्या भागातील खाणी बंद पडल्या आणि रोमा समाजाच्या माणसांची कामे गेली. या रोमांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी आपल्याच देशातून तिकडे गेले. त्यांच्या मूळ भाषेत मोजतात 'येक, दुय, त्रिन' आणि पाण्याला म्हणतात 'पानी'. त्यांच्या धडधाकट मुलांना मतिमंद ठरवून वेगळ्या शाळांत घालण्याची रीत तिथे चालत आली. हा भेदभाव आहे, असा निर्वाळा युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१३ साली दोन रोमा तरुणांच्या खटल्यात दिला. गावाची विहीर बंद असणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही.

देर्दाक तिबोर आणि ओर्शोश यानोश या दोघांच्या हाती बाबासाहेबांवरील एक पुस्तक पडले. ते दोघे महाराष्ट्रात आले, आपल्या वस्त्या पाहिल्या, आणि २००७ साली परत जाऊन त्यांनी 'जय भीम' नावाने संस्था काढली. शायोकाझात डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा सुरू झाली. शिक्षण सुटलेल्या तरुणांना पुन्हा बाकावर बसवून शालान्त परीक्षेपर्यंत नेणे हे तिचे काम.

आता पैशाचे पाहा. सरकार दर विद्यार्थ्यामागे अनुदान देई, पण त्यात भागत नसे. मान्यताप्राप्त धर्मसंस्थांच्या शाळांना जादा रक्कम मिळे. २०११ च्या कायद्याने अनेक लहान धर्मसमूहांची मान्यता काढून घेतली, त्यात हा बौद्ध समूहही होता. तूट आली ती देणगीदारांवर.

येथेच आपण चुकतो. आपल्याला इमारतीला द्यायला आवडते, कारण इमारतीवर पाटी लागते. मास्तराच्या पगारावर कोणाचे नाव कोरता येत नाही. शाळा मात्र पगारावर, सरपणावर आणि वह्यांवर चालते, आणि ही खर्चाची बाब दर महिन्याला येते. उद्घाटनाचा हार सुकला की दाते पांगतात आणि मास्तर दुसरी नोकरी शोधू लागतो. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस गेले ते सयाजीराव महाराजांच्या साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तीही दरमहाच होती.

आणि आपण स्वतः कोणाच्या पैशावर शिकलो? १९८० साली ब्रिटनमध्ये भारतासाठी मदत गोळा करणारी एक लहान संस्था निघाली, तिलाच पुढे करुणा ट्रस्ट हे नाव मिळाले. तिचे स्वयंसेवक काही आठवडे एकत्र राहत, संध्याकाळी घरोघर दारे ठोठावत आणि आपल्या मुलांविषयी सांगून दरमहा थोडी रक्कम मागत. कितीतरी दारे तोंडावर मिटली असतील! त्या पैशातून बहुजन हिताय या संस्थेची वसतिगृहे महाराष्ट्रात उभी राहिली. देणाऱ्या माणसाने पुणे पाहिलेले नव्हते. त्याच्या गल्लीत गरीब नव्हते काय? होते. तरीही त्याने दिले.

याचा अर्थ डोळे मिटून द्यावे असा नव्हे. मुलांना रांगेत उभे करून पाहुण्याच्या गळ्यात हार घालायला लावणारी मदत मी जवळून पाहिली आहे. ते दान नव्हे, ती मालकी. शाळा कशी चालवायची हे तिथल्या माणसांनी ठरवावे; देणाऱ्याने हिशेब जरूर मागावा, कृतज्ञता मागू नये. (आपल्या ट्रस्टने परदेशी खर्च केल्यास प्राप्तिकराची सवलत मंजुरीविना मिळत नाही, हेही विचारून घ्या.)

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याजवळ मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी मागितला. रुपयातले पाच पैसे. तेवढे आपण देतो काय? दिले असते तर त्या उपासिकेला घरचे आणि दूरचे यांत निवड करावीच लागली नसती.

मी तिला एवढेच सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "महिन्याचं ठरवा. पयले आपल्या पोरी, मंग त्यायच्या." विहाराच्या वहीत त्या रात्री सतरा घरांची नावे चढली. हंगेरीच्या रकमेविषयी अजून वाद चालू आहे; पुढच्या पौर्णिमेला पुन्हा बसायचे ठरले आहे.