देवाचेही पथ्य

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटरवर, वेट्टार नदीकाठी तिरुक्करुगावूर हे क्षेत्र आहे. तमिळ भाषेत ‘करु’ म्हणजे गर्भ. येथे जगदंबा गर्भरक्षांबिका या नावाने, तर शंकर मुल्लैवननाथ, म्हणजे जुईच्या वनाचा स्वामी, या नावाने विराजमान आहेत. संततीची इच्छा धरणारी दांपत्ये देवीपुढील तूप प्रसाद म्हणून सेवन करतात. गर्भिणी प्रसादाचे एरंडेल पोटावर लावतात.

प्रसाद दूरदूरच्या घरी पोहोचतो आणि त्याबरोबर कधी कधी एक शंकाही येते. सुनेला सातवा महिना आहे, रक्तदाब वाढलेला आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ बेताने घेण्यास सांगितले, प्रवासाची मनाई केली. सासूबाई श्रद्धेने म्हणतात, ‘देवीने पदरात घेतले, आता गोळ्या कशाला?’ सून गोळ्या सोडते. आणि तपासणीच्या वेळी मात्र ‘नियमित घेते’ म्हणून सांगते. तेव्हा प्रश्न असा की, रुग्णाने वैद्याचे नेहमीच ऐकले पाहिजे काय? आणि रक्षण करणारी देवी असता ऐकण्याचे कारण काय?

दुसऱ्या शंकेचे समाधान त्या मंदिरातच आहे. मुल्लैवननाथाचे लिंग वारुळाच्या मातीचे आहे. शंकर अभिषेकप्रिय खरा, परंतु येथे त्या लिंगावर जलाभिषेक होत नाही. ‘पुनुगु’ नावाच्या सुगंधी द्रव्याचा लेप लावतात. कोणी भाविक कावेरीचे पाणी घेऊन आला आणि ‘माझी भक्ती मोठी’ म्हणून घागर ओतू लागला, तर पुजारी त्याचा हात धरतील. मातीचे शरीर धारण केले की देवालाही पथ्य आले. मग गर्भिणीच्या देहाला पथ्य सांगणारा वैद्य देवीचा प्रतिस्पर्धी कसा ठरेल? प्रसादाचे एरंडेलही पोटावर लावण्यासाठी असते, पिण्यासाठी नव्हे. ते पोटात घेतल्यास अकाली कळा येण्याचे भय असते, हे घरातील वडीलधाऱ्यांनी विसरू नये.

आता पहिली शंका. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. रुग्णाचे गुणही चार: स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. निर्देशकारित्व म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे. सामान्यतः लोक एवढाच गुण जाणतात. परंतु न भिणे आणि आपली अवस्था नीट सांगता येणे, हेही त्याच्याच पंक्तीला बसविले आहेत. भिऊन मान डोलावणारा आणि घरी येऊन औषध फेकणारा रुग्ण हे तिन्ही गुण एकदम गमावतो. उघड नकार देणारा त्यापेक्षा बरा, कारण त्याच्या वैद्याला पुढचा उपाय तरी शोधता येतो. फसविला गेलेला वैद्य ‘गोळी लागू पडली नाही’ असे समजून मात्रा वाढवील.

याच तंजावरात सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी धन्वंतरी महाल उभारला आणि नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह करवून ठेवल्या. रोग्याची स्थिती खरी कळल्यावाचून औषध आंधळे, हे त्या मराठी राजाला ठाऊक होते.

क्षेत्राच्या कथेतही हेच मर्म दिसते. निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका गर्भभाराने थकून पडली असता ऊर्ध्वपाद ऋषी भिक्षेस आले. तिला उठवेना. तिची अवस्था न जाणता ऋषींनी शाप दिला आणि गर्भ क्षीण होऊ लागला. देवीने तो दिव्य कुंभात ठेवून सांभाळला. पुढे तोच नैध्रुव नावाचा पुत्र झाला. अनर्थ कोठून आला? न सांगितलेल्या, न विचारलेल्या अवस्थेतून.

म्हणून ‘नेहमी ऐकावे’ एवढे म्हणून भागत नाही. ज्ञान मिळविण्यासाठी गीतेच्या चौथ्या अध्यायात नम्रता आणि सेवा यांच्यामध्ये परिप्रश्न ठेवला आहे. अर्जुनाने प्रश्नांवर प्रश्न केले. भगवंत रागावले नाहीत. अठराव्या अध्यायात तर सर्व सांगून झाल्यावर, पूर्ण विचार कर आणि मग इच्छेप्रमाणे वाग, असे ते म्हणतात. साक्षात भगवंतांनी जो अधिकार ठेवला, तो वैद्याने कसा काढून घ्यावा? आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके आणि पर्याय सांगून रुग्णाची संमती घ्यावी, असा निर्णय दिला आहे. वैद्यही चुकतो, चरकाने वैद्याचे सोंग घेणाऱ्यांपासून सावध केलेच आहे. शंका उरली तर दुसऱ्या जाणत्या वैद्याचे मत घ्यावे. परंतु विमर्श करणे वेगळे आणि शेजारणीच्या एका वाक्यावर गोळी सोडणे वेगळे.

गरोदरपणातील रक्तदाब दिसत नाही, दुखतही नाही. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय वा चेहरा सुजणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा झटके येण्याचे आणि माय-लेकरू दोघेही संकटात पडण्याचे भय जवळ आलेले असते. त्या सुनेने तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता आजच जाऊन सांगावे, ‘आठ दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, सासूबाईंना शंका होती.’ सासूबाईंनीही बरोबर जावे आणि आपली शंका स्वतः विचारावी. यात्रा राहिली म्हणून देवी रुसत नाही. तिरुक्करुगावूरच्या मंदिरात पाळणा आहे. बाळंतपण सुखरूप झाल्यावर आईबाप आपले मूल त्या पाळण्यात ठेवून देवीला दाखवितात. तिकडे जाण्याची वेळ ती.